आखडलेला गुडघा : लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर वाढणाऱ्या वणाचे विवेचन

एसीएलची, म्हणजे गुडघ्यातल्या अँटिरियर क्रूशिएट लिगामेंटची शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी आला की भेटायला येणारा जो तो विचारतो, "किती वाकतोय?" सरळ किती होतोय, हे कुणी विचारत नाही. मग रुग्णही वाकवण्याच्याच मागे लागतो. पलंगाच्या काठावर बसून पाय खाली सोडतो, नव्वद अंश झाले म्हणून खूश होतो आणि उरलेला दिवस गुडघ्याखाली उशी घेऊन पडून राहतो. तीन महिन्यांनी पाय पुरेसा वाकतो खरा, पण उभे राहिल्यावर तो गुडघा दुसऱ्यापेक्षा बोटभर पुढेच राहतो. चालताना पाय ओढल्यासारखा होतो, जिना उतरताना वाटीमागे दुखते. ग्राफ्ट, म्हणजे नव्याने बसवलेली कंडरा, भक्कम असतो, टाके सुरेख भरलेले असतात, आणि तरी माणूस लंगडतो. हा आत वाढलेल्या वणाचा उपद्रव आहे.

माझे म्हणणे असे की, गुडघा आखडणार की नाही याचा निकाल बहुतेक वेळा शस्त्रक्रियेआधीच्या तीन आणि नंतरच्या सहा आठवड्यांत लागून जातो. त्या नऊ आठवड्यांत सर्जन रुग्णाजवळ असतो तो फार तर काही तास. बाकीचा काळ रुग्ण, त्याच्या घरची माणसे आणि मिळाला तर फिजिओथेरपिस्ट यांच्या हाती असतो. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात सगळी अडचण त्या 'मिळाला तर'मध्ये आहे.

इथे एसीएल तुटण्याची कारणे इथल्या जगण्यातली आहेत. गावोगावच्या कबड्डीच्या स्पर्धा, पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी पोरे, मलकापूर-नांदुरा-खामगावमार्गे जाणाऱ्या महामार्गावरचे दुचाकीचे अपघात आणि पावसाळ्यातली काळी जमीन. ओल्या काळ्या मातीत पाऊल रुतून बसते आणि पाठीवर फवारणीचा पंप घेतलेले अंग मात्र वळते. पाय जमिनीला जखडलेला आणि वरचे धड फिरलेले, अशा पेचात एसीएल तुटतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडला जातो आणि तो मध्यरेषेकडे झेपावतो, तेव्हाही नेमके हेच घडते. शस्त्रक्रियेसाठी अनेक जण छत्रपती संभाजीनगर, अकोला, नागपूर किंवा पुणे गाठतात. दोन-तीन दिवसांत सुट्टी होते, हातात व्यायामाचा छापील कागद मिळतो आणि गाडी लोणार, मेहकर किंवा जळगाव जामोदच्या रस्त्याला लागते.

वण का माजतो

तुटलेला एसीएल स्वतःहून नीट जुळून येणे विरळा. म्हणून मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगची कंडरा, किंवा वाटीखालच्या कंडरेचा हाडासकटचा पट्टा, किंवा वाटीवरची कंडरा घेऊन, मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत बोगदे पाडून ती त्यांतून ओवतात. हे सगळे दुर्बिणीतून होते आणि बाहेर दोन-तीन लहान छेद दिसतात. त्यामुळे आतही लहानच जखम असेल असे वाटते. आत मात्र हाड पोखरलेले असते, सांध्यात रक्त साकळलेले असते आणि सांध्याचे अस्तर चिडलेले असते.

जखम भरण्याची रीत सगळीकडे सारखीच. आधी सूज येते, मग तंतू विणणाऱ्या पेशी गोळा होतात आणि कोलाजेनचे जाळे विणतात. यातल्या काही पेशी मायोफायब्रोब्लास्ट बनतात. त्या कोलाजेन तर करतातच, शिवाय स्वतः आकसून जखमेच्या कडा जवळ ओढतात. काम झाले की त्या मरून जायला हव्यात. कातडीवरचा वण काही महिन्यांनी फिका आणि मऊ होतो, तो त्यामुळेच. गुडघ्यात सूज निवळली नाही, रक्त पुन्हा पुन्हा साकळले किंवा सांधा एकाच अवस्थेत पडून राहिला, तर या पेशींना थांबण्याचा इशाराच मिळत नाही. टीजीएफ-बीटा नावाचे प्रथिन त्यांना कामाला लावत राहते आणि त्या आकसत राहतात. या विकाराला आर्थ्रोफायब्रोसिस म्हणतात. तो नेमका किती जणांना होतो, हे विचारण्यात फार अर्थ नाही. कुणी पाच अंशांच्या तुटीला हे नाव देतो, कुणी पंधरा अंशांच्या, आणि त्याप्रमाणे आकडेही लांबरुंद पसरतात.

सूज आणखी एक वाईट काम करते. सांध्यात अवघे 20 ते 30 मिलिलिटर पाणी साचले तरी मांडीच्या पुढच्या स्नायूचा आतला भाग, वाटीशेजारचा तो फुगीर गोळा, आखडता हात घेतो. स्नायूला काही झालेले नसते, मेंदूकडून येणारा हुकूमच दबलेला असतो. रुग्ण जीव तोडून मांडी आवळू पाहतो आणि मांडी थंड पडलेली असते. त्याच वेळी मागचा हॅमस्ट्रिंग मात्र ताठ होऊन गुडघा वाकवून धरतो. म्हणजे सरळ करणारा झोपलेला आणि वाकवणारा जागा. या अवस्थेत गेलेले दोन-तीन आठवडे वणाला आयतेच मिळतात.

वण कुठे बसतो

जागेवरून उपद्रव ठरतो, म्हणून इथे जरा थांबले पाहिजे. वाटीच्या वर सांध्याची एक पिशवी असते. गुडघा वाकतो तेव्हा तिची घडी उलगडते. तिच्या भिंती एकमेकींना चिकटल्या की गुडघा वाकत नाही. वाटीच्या खाली चरबीची एक गादी असते. ती वणाने कडक झाली की वाटी खाली खेचली जाते आणि कुठल्याच बाजूला हलत नाही. हा प्रकार सर्वांत चिवट. 1987 मध्ये सर्जन पॉलोस यांनी त्याचे स्वतंत्र वर्णन केले आणि बजावले की, वाटी एकदा खाली बसली की पुढे तिच्यामागची कूर्चाही झिजते. तिसरी जागा म्हणजे मांडीच्या हाडाच्या दोन गोलांमधली खाच. नवा ग्राफ्ट इथूनच जातो. त्याच्या पुढ्यात, नडगीच्या बोगद्याच्या तोंडाशी कधी कधी वणाची एक गाठ तयार होते. गुडघा सरळ होऊ लागला की ही गाठ दोन हाडांच्या मध्ये सापडते आणि दाराला पाचर बसावी तसा गुडघा शेवटच्या काही अंशांवर अडतो.

या गाठीला सायक्लॉप्स म्हणतात. 1990 मध्ये सर्जन जॅक्सन आणि शेफर यांनी तिचे वर्णन केले. दुर्बिणीतून पाहताना तिच्या टोकावरच्या रक्तवाहिन्यांचा निळसर ठिपका त्यांना ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाच्या डोळ्यासारखा दिसला, म्हणून हे नाव. तिच्या रुग्णाची कहाणी ठराविक असते. सुरुवातीला पाय सरळ होत होता, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होईनासा झाला, आणि ताणून सरळ करायला गेले की पुढच्या बाजूला कट् असा आवाज येतो.

वण नसतानाही गुडघा अडू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. मांडीच्या हाडातला बोगदा फार पुढे पडला तर गुडघा वाकताना ग्राफ्ट ताणला जातो आणि वाकणे अडते. नडगीतला पुढे पडला तर सरळ होताना ग्राफ्ट खाचेच्या छताला घासतो. असा गुडघा फिजिओथेरपीने सुटत नाही. त्यावर कितीही जोर लावला तरी एक तर ग्राफ्ट ढिला होतो, नाही तर रुग्ण हताश होतो.

पाच अंशांची किंमत

सरळ गुडघ्यावर उभे राहताना मांडीच्या स्नायूला जवळजवळ काहीच काम नसते, हाडावर हाड तोलून उभे असते. गुडघा पाच-दहा अंश वाकलेला राहिला की हा तोल जातो आणि उभे असेपर्यंत स्नायूला भार वाहावा लागतो. वाटी मांडीच्या हाडावर सतत दाबली जाते. दिवसभर पऱ्हाटीत उभ्याने कापूस वेचणाऱ्या बाईला किंवा शेगावहून पालखीबरोबर पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्याला ही तूट पावलोपावली मोजावी लागते. त्यात तो पाय आखूड पडल्यासारखा झाल्याने कंबरही दुखू लागते. सुश्रुतसंहितेत जानू हे वैकल्यकर मर्मांत गणले आहे आणि त्याला इजा झाल्यास लंगडेपण येते असे सांगितले आहे. हे निरीक्षण आजही जसेच्या तसे खरे आहे.

वाकण्यातली तूट तुलनेने सोसता येते, पण कुणाला, हा प्रश्न आहे. चालताना गुडघा साधारण साठ-पासष्ट अंश वाकतो, जिना आणि खुर्ची यांना शंभरच्या आसपास पुरते. पाश्चात्त्य पुस्तकांत म्हणूनच सव्वाशे अंशांवर लोक समाधानी दिसतात. आपल्याकडे उकिडवे बसून निंदायचे असते, धार काढायची असते, पंगतीत मांडी घालायची असते, आणि अनेक घरांत शौचालयही उकिडवे बसायचेच असते. त्याला त्याहून बरेच जास्त लागते. तेव्हा इथल्या रुग्णाला "तुमचा रिझल्ट चांगला आहे" असे सांगताना तो दिवसभर करतो काय, हे आधी विचारायला हवे. तरीही दोन्हींत निवड करायचीच वेळ आली तर मी सरळ होण्याच्या बाजूने उभा राहीन. वाकणे सहा महिन्यांपर्यंत, कधी त्यानंतरही सुधारत राहते. सरळपणाची खिडकी फार लवकर बंद होते.

घरी मोजायची रीत

कोनमापक नसला तरी चालते. रुग्णाने लाकडी दिवाणावर पालथे झोपावे. दोन्ही वाट्या काठाच्या जरा बाहेर, मांड्या दिवाणावर टेकलेल्या आणि पावले अधांतरी. दोन मिनिटे पाय सैल सोडावेत. मग घरातल्या कुणी तरी मागून दोन्ही टाचा पाहाव्यात. शस्त्रक्रिया झालेल्या पायाची टाच वर राहिली असेल, तर दोन टाचांमधला उंचीचा फरक शाळेच्या पट्टीने मोजावा. एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे एक अंश तूट. चार सेंटिमीटर फरक असेल तर चार अंश. दर रविवारी मोजून भिंतीवरच्या कालनिर्णयावर आकडा लिहून ठेवावा. आकडा कमी होत असेल तर चिंता नको. दोन रविवार तो तिथेच अडला, किंवा उलट वाढला, तर फोन करावा. फोटो काढून सर्जनला पाठवला तर आणखी बरे, कारण "थोडा वाकडा राहतो" या शब्दांतून शंभर किलोमीटरवर बसलेल्या माणसाला काही कळत नाही.

इथे बाजेविषयी सांगितले पाहिजे. खेड्यात आजारी माणसाला सुंभाच्या बाजेवर निजवतात. बाज मध्ये झोळते, कंबर खाली जाते आणि गुडघे आपोआप वाकतात. रात्रभर सात-आठ तास गुडघा त्याच कोनात राहतो. वरून प्रेमाने दिलेली उशी असतेच. पहिले सहा आठवडे कठीण पाठीचा दिवाण किंवा जमिनीवरची सतरंजी बरी. उशी द्यायचीच असेल तर ती टाचेखाली द्यावी, गुडघ्याखाली अधांतर राहू द्यावे.

उपचारांची चढती भाजणी

पहिली पायरी शस्त्रक्रियेच्या आधीची आहे. 1991 मध्ये सर्जन शेलबोर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, इजेनंतर पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झालेल्यांचे गुडघे तीन आठवडे थांबलेल्यांपेक्षा जास्त आखडले. पुढच्या काळात दिवस मोजण्यापेक्षा गुडघ्याची अवस्था पाहण्यावर भर आला. सूज उतरलेली, पाय पूर्ण सरळ होणारा, मांडी आवळता येणारी आणि चाल सरळ असेल, तर गुडघा तयार झाला असे समजतात. घाई फक्त तेव्हा, जेव्हा फाटलेली कूर्चेची गादी (मेनिस्कस) मध्ये अडकून गुडघा कुलूपबंद झालेला असतो, किंवा मोठ्या अपघातात अनेक लिगामेंट तुटलेले असतात. बाकी वेळी "लवकर उरकून टाका" हा आग्रह रुग्णाच्या मुळावर येतो. सोयाबीनची सोंगणी तोंडावर आहे म्हणून तारीख ओढून अलीकडे आणणारे नातेवाईक हे इथले नेहमीचे दृश्य आहे.

शस्त्रक्रियेनंतरचा नियमही शेलबोर्न यांच्याच निरीक्षणातून पक्का झाला. पूर्वी गुडघा कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवत. त्यांच्या लक्षात आले की, सांगितलेले न ऐकता लवकर चालू-फिरू लागलेले रुग्ण शहाण्या रुग्णांपेक्षा बरे होत होते. 1990 मध्ये त्यांनी आणि नित्झ यांनी त्वरेचा पुनर्वसनक्रम मांडला. आज जगभर पहिल्याच दिवशी पाय सरळ करायला लावतात, त्याचे मूळ त्या न ऐकणाऱ्यांत आहे.

करायचे ते साधे आहे. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पाय दहा-पंधरा मिनिटे सैल सोडावा, दिवसातून पाच-सहा वेळा. जमू लागले की मांडीच्या खालच्या टोकावर, वाटीच्या वर, दोन किलो मिठाच्या पुड्या पंचात बांधून ठेवाव्यात. वाटीवर वजन कधीही ठेवू नये. मांडी आवळून गुडघा खाली दाबणे, पाच मोजेपर्यंत धरणे, सोडणे. जखम भरल्यावर वाटी दोन बोटांत धरून वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवणे. बर्फ पंधरा-वीस मिनिटे, ओल्या फडक्यात गुंडाळून. पाय दुसऱ्या पायाइतका सरळ व्हायला पहिले एक-दोन आठवडे, नव्वद अंश वाकायला साधारण दोन आठवडे, एकशे वीस अंशांना सहा, असा हिशेब ठेवतात. गादी शिवली असेल तर वाकवण्याची मर्यादा सर्जन सांगेल तीच.

मात्रा किती, हे दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. आदल्या दिवसापेक्षा गुडघा फुगलेला आणि गरम असेल तर व्यायाम जास्त झाला. हा नियम इतका महत्त्वाचा का, तर आपल्याकडे गुडघा 'मोकळा करून देणारे' पुष्कळ भेटतात. हाडवैद्य तेल चोळून एका झटक्यात पाय वाकवतो, रुग्ण ओरडतो, आणि घरच्यांना उपचार झाल्यासारखे वाटते. अशा झटक्यात आतले ताजे तंतू तुटतात, रक्त साकळते, आणि त्या रक्तावर आधीपेक्षा जास्त वण धरतो. काही फिजिओथेरपिस्टही याला अपवाद नाहीत. चिडलेल्या गुडघ्यावर केलेली जबरदस्ती वणाला खतपाणी घालते, हे मी ठामपणे म्हणतो.

सहाव्या आठवड्यानंतरही दहा अंशांची तूट असेल तर वाट पाहू नये. आधी इतर कारणे वगळावी लागतात. रक्तातला सीआरपी आणि ईएसआर पाहून जंतुसंसर्ग, बाजूने काढलेल्या एक्स-रेत वाटीची उंची आणि बोगद्यांची जागा, एमआरआयमध्ये सायक्लॉप्स. त्वचेचा रंग बदललेला, हात लावला तरी भाजल्यासारखे आणि इजेच्या मानाने कितीतरी जास्त दुखत असेल, तर सीआरपीएस हा वेगळाच विकार मनात धरावा लागतो. त्यात घाईने पुन्हा चाकू लावला तर दुखणे भडकते. दाह कमी करणाऱ्या गोळ्या, काही सर्जन देतात तो स्टेरॉइडचा अल्प काळाचा डोस किंवा सांध्यातले इंजेक्शन यांचा उपयोग सूज उतरवण्यापुरता आहे. मधुमेह्याला स्टेरॉइड देताना साखर चढते, आणि मूत्रपिंड किंवा पोट बिघडलेल्याला वेदनाशामके भारी पडतात. वण विरघळवणारी म्हणून ज्या औषधांवर संशोधन चालू आहे, त्यांतले एकही अजून रोजच्या वापरातले झालेले नाही. या टप्प्यावर रात्री लावायचा, हळूहळू ताण वाढवता येणारा ब्रेस उपयोगी पडतो. एकदम जोर लावण्यापेक्षा कमी जोर पुष्कळ वेळ, हे वणाच्या बाबतीत चालणारे तत्त्व आहे.

भूल देऊन गुडघा वाकवणे हा उपाय वाकण्याची तूट असेल, वण कोवळा असेल, म्हणजे साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान, तेव्हाच. उशिरा केला तर मांडीचे हाड मोडणे, वाटीखालची कंडरा तुटणे, ग्राफ्ट निसटणे, कूर्चा खरवडणे, हे सगळे घडू शकते. सरळ न होण्याच्या तुटीवर तो अंधारात मारलेला हात आहे. मध्ये गाठ अडकलेली असताना वरून दाबून काय साधणार?

त्यापुढे दुर्बिणीतून वण काढणे. सायक्लॉप्सची गाठ एकटी असेल तर हे काम छोटे आणि समाधानकारक असते. गाठ काढली की टेबलावरच पाय सरळ होतो. पसरलेल्या आर्थ्रोफायब्रोसिसमध्ये मात्र वरची पिशवी, दोन्ही बाजूंचे चर, वाटीखालची चरबीची गादी आणि खाच अशा क्रमाने सगळे मोकळे करावे लागते, रक्तस्राव काटेकोर थांबवावा लागतो, आणि तरीही तूट राहिली तर मागचे आवरण सोडवावे लागते. हे गुडघा थंड झाल्यावरच करावे. लाल, गरम, फुगलेल्या गुडघ्यात वण काढणे म्हणजे नव्या वणाला जागा करून देणे. आणि काढल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज फिजिओथेरपी मिळणार नसेल, तर ही शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. वेदनाशामनाचा नर्व्ह ब्लॉक चालू असताना त्याच दिवशी पाय सरळ करायला लावतात. रात्री सरळ ब्रेसमध्ये पाय ठेवतात. दुसऱ्या-तिसऱ्यांदा वण काढून घेतलेले रुग्ण आढळतात, त्यांच्या कहाणीत बहुधा ही कडी तुटलेली असते.

खेळाडूंचे उदाहरण आणि त्यातली गफलत

सांगलीत वाढलेल्या क्रिकेटपटू स्मृती मानधनाचा एसीएल जानेवारी 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन हीटकडून खेळताना तुटला. शस्त्रक्रियेनंतर त्याच वर्षी 24 जूनला विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध तिने 90 धावा केल्या आणि पुढच्याच सामन्यात वेस्ट इंडिजविरुद्ध शतक ठोकले. डिसेंबर 2022 च्या अपघातानंतर ऋषभ पंतच्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया जानेवारी 2023 मध्ये मुंबईत झाली आणि 2024 च्या आयपीएलमध्ये तो परतला. गावाकडची पोरे या दोघांची नावे घेतात आणि पाच महिने की पंधरा, एवढाच हिशेब करतात. पंत बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत महिनोन्महिने होता, रोज कुणीतरी त्याचा गुडघा मोजत होते, हे त्यांच्या बोलण्यात येत नाही. आता मैदानावर परतण्यासाठी निदान नऊ महिने थांबावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. भरतीच्या जाहिरातीची तारीख गाठण्यासाठी पाचव्या महिन्यात 1600 मीटर धावणाऱ्याने आपली तुलना मानधनाशी करू नये. तिच्यामागे जी माणसे होती, ती त्याच्यामागे नाहीत.

जिल्ह्यापुरते बोलायचे तर

बुलढाण्याला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे अस्थिरोग विभाग वाढेल, दुर्बिणी येतील, शस्त्रक्रिया होऊ लागतील. त्यासोबत फिजिओथेरपी तेरा तालुक्यांत पोहोचली नाही तर आखडलेले गुडघे जिल्ह्यातच तयार होतील, एवढाच फरक पडेल. देऊळगाव राजाच्या रुग्णाने रोज बुलढाण्याला यावे, ही अपेक्षा एका पायावर चालणाऱ्याकडून करता येत नाही, आणि बसची पायरी चढताना गुडघ्यावर येणारा ताण वेगळाच. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत आठवड्याचे दोन ठरलेले दिवस फिजिओथेरपिस्ट बसला, त्याच्या हाती कोनमापक असला आणि मोजलेला आकडा सर्जनला त्याच संध्याकाळी कळला, तर पुष्कळ गुडघे वाचतील. याला मोठे यंत्र लागत नाही.

तोवर रुग्णाने एवढे करावे : शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी फिजिओथेरपिस्टची पहिल्या दोन आठवड्यांची वेळ पक्की करावी, मग तो खामगावात असो की चिखलीत, आणि ती मिळत नसेल तर सर्जनला तसे सांगून तारीख पुढे न्यावी. घरी आल्यावर ताप आला, जखमेतून पाणी वाहू लागले किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण जंतुसंसर्ग आणि शिरेत धरलेली गुठळी ही दोन दुखणी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाहीत.